मिठाची रेघ

शनी म्हटलं की आपल्याकडे माणसं जरा सावरून बसतात.
इथे, माद्रिदच्या पश्चिमेला, ओकच्या टेकड्यांत
तो वेळापत्रकातली एक ओळ :
उगवणार दोन चौदाला, मावळणार दुपारी.
मोठी तबकडी मान वळवते त्याच्याकडे.
कुंपणापलीकडची गुरं रवंथ थांबवत नाहीत.

रात्रपाळीला नीएवेस आरिएता.
यान आत्ता काय करतंय, तिला ठाऊक नाही.
कळतं ते एक तास एकोणीस मिनिटं शिळं,
दूरदेशीच्या पत्रासारखं :
लिहिणारा खुशाल आहे,
म्हणजे तेव्हा होता.

आणि आज तर तेही नाही.
एन्सेलॅडसच्या बुडाशी बर्फाला भेगा आहेत,
भेगांतून आतला समुद्र वर उडतो.
उपकरणं त्या फवाऱ्याकडे धरायची
तर पृथ्वीकडे पाठ करावी लागते.
पडद्यावर नुसती खरखर.

एवढ्यात बेनिल्दे आली, बादली आणि फडकं घेऊन.
"पाय उचल."
नीएवेसने उचलले.
ओल्या फरशीपुढे शनीचंही काही चालत नाही.

चार पन्नास. खरखरीतून एक टोक वर आलं.
यानाने तोंड वळवलं होतं.
थांबलं नव्हतं, उतरलं नव्हतं,
धावत्या गाडीतून कुणी हात बाहेर काढावा
तसं गेलं होतं त्या पाण्यातून
आणि ओला हात घेऊन बोलत होतं.

उजाडता उजाडता पॅसाडेनाहून लुएलाने आलेख धाडला.
सोडियमच्या जागी एक रेघ,
नखाएवढी.

"खारट?" बेनिल्देने विचारलं.
"हो."
"मग मासे?"
"माहीत नाही."
"मग इतक्या लांब कशाला गेलं ते?"

ज्याने कुणाचं कधी मीठ खाल्लं नाही
ते मिठाला जागलं, एवढंच.

नीएवेसचे वडील कादिझच्या मिठागरात होते.
बोट बुडवायचे, चाटायचे, डोळे मिटायचे.
मग म्हणायचे, "अजून नाही."
किंवा, "उद्या."
त्या एका शब्दावर चाळीस माणसं फावडी उचलायची.

बेनिल्दे गेल्यावर
तिने त्या रेघेवर बोट टेकवलं,
मग जिभेला लावलं.
धूळ. थोडं फिनेल.

डोळे मिटले तिने,
बराच वेळ.