चार मिनिटं बारा सेकंद

रोझारिओच्या पहिल्या निरोपाचं प्रेझेंटेशन
मी नव्या स्लाइडशोत ओतलं.
फोटो आले सगळे, निमूट, एकामागोमाग.
संगीत नाही आलं.
लाउडस्पीकरचं ते राखाडी चिन्ह तेवढं आलं
पहिल्या फोटोच्या कोपऱ्यात,
चित्र म्हणून.

सोहार बंदर, स्टोअरचं ऑफिस, रात्रपाळी.
काचेला बाहेरून घाम.
वारा फिरला की किनाऱ्यावर वाळत घातलेल्या
तारल्यांचा वास एसीतूनसुद्धा आत येतो.
परवा, गुरुवारी, बावतीस डाबरेचा निरोप.

गेली पंधरा वर्षं इथून जो जो गेला
त्याचा निरोप बावतीसनंच बांधला,
प्रवासाची शिदोरी बांधावी तसा:
फोटो, तारखा, खाली हार्दिक शुभेच्छा
आणि मागे एकच चाल, त्याच्याच माऊथऑर्गनवरची,
वसईच्या वाडीतल्या रहाटासारखी
रिकामी खाली जाणारी, भरून वर येणारी.
अप्पुकुट्टन गेला त्या चालीवर, खतीब गेला,
रोझारिओ तर दोनदा गेला,
मधे मुलीच्या कॉलेजसाठी परत आला होता.
आता बावतीससाठी कोण वाजवणार?
त्यालाच विचारावं, तर तो रात्रभर बसून
स्वतःचा निरोप स्वतः करेल
आणि वर माझं शुद्धलेखन तपासेल.

आयटीतल्या पोरानं फोनवर सांगितलं:
फाइलची कॉपी काढा, नावाचं शेपूट बदला,
झिप लिहा, उघडा.
नाव बदलून कुठे आतलं बाहेर येतं?
आलं.
फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी एक,
फणस फोडताना होतात तसे हात चिकट झाले,
आणि चारखंडांच्या आत एक आठळी:
मीडिया एक.
चार मिनिटं बारा सेकंद.

मी थबकलो.
त्याचे कार्यक्रम अडीच मिनिटांत संपायचे.
शेवटची स्लाइड गेली की चाल मधेच तुटायची
आणि आम्ही समोशांकडे वळायचो.

हेडफोन लावला.
अडीच मिनिटं ओळखीची. मग चाल थांबली,
तळहातावर माऊथऑर्गन आपटून झाडल्याचा आवाज,
कुठेतरी झाकण पडलं,
आणि कॅम्पच्या खोलीतून, दोन हजार दहातून,
खतीब ओरडला: बावतीस, डाळ करपली रे!
थोडा वेळ नुसता पंखा.
मग बावतीस: करपू दे.
आणि पुन्हा पहिल्यापासून, पण सावकाश,
जणू कुणालाच कुठे जायचं नाही.

त्याचे फोटो मिळेनात. कॅमेरा कायम त्याच्याकडे.
इतरांच्या निरोपांतून वेचून अठरा जमवले:
कडेला आलेला अंगठा,
वाळूवर लांबलेली, सगळ्यांच्या पायांपर्यंत पोचलेली सावली,
थर्मासच्या पोटात वाकडा झालेला एक माणूस,
गेटपासचा एक, दोन्ही कान दिसणारा.

सॉफ्टवेअर विचारतं, फोटो संगीताच्या मापाचे करू?
कर.
प्रत्येकाला चौदा सेकंद आले.
चौदा सेकंद एका अंगठ्याकडे कोण बघतं?
बघू देत.
शेवटी आवाज हळूहळू विझवू? मधलं बोलणं गाळू?
दोन्ही खुणा मी काढून टाकल्या.

पहाटे चारला हॉलमध्ये प्रोजेक्टरवर चालवून पाहिलं.
मतिउर फरशी पुसत होता, सिल्हेटचा.
माझ्या भाषेतला एक शब्द त्याला कळला.
बादली तिथेच ठेवून तो लगबगीनं पँट्रीत गेला,
शेगडी बघून आला.
बंदच होती.