रेशनच्या जुन्या खोलीत

किल्ली मिळायला नन्नावरे गुरुजींना
दोन उन्हाळे लागले.
भिंतींत अजून ज्वारीचा वास.
फळ्यांवर पोरांनी मांडली
सुगरणीची घरटी, सापाची कात,
बरणीतला विंचू,
आणि शिवणकरांच्या विहिरीतून निघालेला
तांबूस, वळ्या पडलेला दगड.
खाली चिठ्ठी : 'डायनासोरचे अंडे. हात लावू नये.'

फुलाबाई मडावीनं हात लावला.
उचलला, उलटा केला,
वळ्यांवरून अंगठा फिरवला
रोज पहाटे गोठ्यात फिरतो तसा.
"अंडं नाई जी गुरुजी, शेन होय हे."

पोरं हसली. सातवीतला भोजराज तर
रिकाम्या पोत्यावर लोळला.
गुरुजी म्हणाले, "कशावरून?"
उत्तर त्यांनाही येत नव्हतं.

भिंग एकच. सगळे ओणवे.
दगडात गवताच्या काडीएवढी एक रेघ.
असेल.
नसेलही.

चिठ्ठीवरचं 'अंडे' खोडलं,
मग थोडं थांबून
'हात लावू नये' सुद्धा.

दुसऱ्या दिवशी फळीवर
म्हशीचा वाळका पो, बैलाचा पो,
कागदाच्या पुडीत रोहीच्या लेंड्या.
"लावून पाहा बाजूले," फुलाबाई म्हणाली,
आणि भिंगासाठी
भोजराजच्या मागं रांगेत उभी राहिली.