तो म्हणायचा

लोमेरिओच्या या गावात पुरुष एक बोलतात, बायका दुसरं,
आणि भाषा तरी एकच. बेसिरो.
देवाचं, बापाचं, पोराचं नाव काढताना
पुरुष शब्दाला एक जादा गाठ मारतात.
बायका मारत नाहीत.
बायकांच्या तोंडी बाप्ये, ताडाची झाडं, रानडुकरं
सगळी एकाच पंगतीला.
हे सांगताना एदुविहेस चुवे हसते,
शेंगा फोडता फोडता. दात दोनच, पण कामाचे.

पोलिकार्पोला जाऊन तिसरं वर्ष.
त्याच्यामागं गाठ मारणारे आळीत उरले चार.
एक ठार बहिरा. एक सांताक्रूझला, मुलीकडे.
एक सणाच्या दिवशी देवळात
पाठ केलेलं जुनं प्रवचन घडाघडा म्हणतो
आणि एरवी स्पॅनिशमध्येच खोकतो.
चौथ्याशी एदुविहेसचं गाईवरून वाकडं.

नातू येर्सोन, वय अकरा. तुझ्यासारखं बोललो, म्हणतो,
तर तो चौथा म्हातारा विचारतो, पोरगी आहेस का रे?

येतं तिला सगळं.
एकोणपन्नास वर्षं शेजारच्या झोळीतून ऐकलेलं.
पण बाईनं ते बोलायचं म्हणजे
नवऱ्याची विजार चढवून पाण्याला जायचं.

एक वाट आहे.
दुसऱ्याचं बोलणं सांगताना
ते जसंच्या तसं सांगायला मुभा असते.
म्हणून ती सुरुवात करते, "तो म्हणायचा,"
आणि पोलिकार्पो बोलू लागतो तिच्या घशातून:
तळ्याच्या राखणदाराबद्दल, जो रुसून निघाला
की मागोमाग पाणीही निघतं;
भावाबद्दल, जो रबराच्या कामावर गेला
आणि ज्याची नुसती टोपी परत आली.

महिन्याभरात त्याचं खरं बोलणं संपलं.
मुळात माणूस अबोल.

आता ती रचते.
जे तो कधीच म्हणाला नाही, ते तो म्हणायचा:
मोटरसायकलवाल्या पाद्रीबुवाबद्दल,
फोनवर गुरकावणाऱ्या जावयाबद्दल.
काल संध्याकाळी तर, सूप हातात थांबवून,
"तो म्हणायचा,
माझ्या बापानं बजावलं होतं,
चुव्यांची ती पोरगी हातची घालवू नकोस."

येर्सोननं वाक्य तसंच म्हणून दाखवलं.
बापाच्या शब्दाला गाठ मारायला विसरला.

तिनं टरफल फेकून मारलं त्याला.
"असं नाही म्हणायचा तो."