पाटी

ताकोरादीच्या मार्केट सर्कलला वळसा घालून
गाडी डावीकडे वळली की पहिली जी पाटी दिसते,
न्हाव्याची, सात डोकी, सात तऱ्हा,
ती माझी.
सातवं डोकं मेव्हण्याचं. त्यानं अजून पैसे दिलेले नाहीत.

वीस वर्षं रंगवल्या.
शवपेट्यांचं दुकान, शिवणाचा क्लास, फुफूची खानावळ,
ट्रोट्रोच्या पाठीवर देवाचं नाव,
मालकाला परवडेल तेवढं मोठं.
मग फ्लेक्स छापणारं यंत्र आलं
आणि डब्यातले ब्रश वाळून काड्या झाले.

आता त्रेचाळिसाव्या वर्षी पाटी कोरी.
संध्याकाळी सहा ते नऊ, टायरच्या दुकानावरची खोली,
अकरा लॅपटॉप, बारा विद्यार्थी.
शिकवणारी सेलोम माझ्या एफुआहून चार वर्षांनी मोठी.
मला अंकल म्हणते, आणि चूक दाखवताना
माझ्याकडे नाही, पडद्याकडे बघते.
तेवढ्यासाठी मी तिला मानतो.

काही गोष्टी येतच होत्या.
अक्षरांभोवती मोकळी जागा सोडावी
हे आमच्या उस्तादानं कानाखाली वाजवून शिकवलेलं.
इथे त्या जागेला दोन नावं, चौकटीच्या आतली वेगळी, बाहेरची वेगळी.
लाल रंगही येत होता. पण हा लाल आकड्यांत सांगावा लागतो,
एक आकडा हुकला की गंज.
पुसायला टर्पेंटाइन नको, एक कळ पुरते.
त्या कळीची सवय व्हायला वेळ लागला.
पहिले पंधरा दिवस, चुकलं की
हात खिशातली चिंधी शोधायचा.

एकदा एक शब्द ठळक करायला खूण उघडली,
बंद करायला विसरलो,
आणि तिथून खालचं सगळं पान ओरडायला लागलं.
असे लोक मला माहीत आहेत.

गेल्या आठवड्यात घरचा अभ्यास: स्वतःच्या कामाचं पान.
मी पाट्यांचे फोटो चढवले.
सेलोम म्हणाली, प्रत्येक चित्रामागे एक रकाना असतो, तो भरा.
ज्याला दिसत नाही त्याला यंत्र तो वाचून दाखवतं.
मी लिहिलं, पाटी.
दुसऱ्या चित्रामागे, पाटी.
ती म्हणाली, अंकल, कसली?

माझ्या आईला सहा वर्षांपासून दिसत नाही.
मी दारात चपला काढतो तेव्हा ती रोज विचारते,
आज काय रंगवलंस, एबो?
मी रोज सांगतो, पाटी.

त्या रात्री वीज गेलेली.
लॅपटॉपमध्ये अठरा टक्के, मी रकाना भरत बसलो.
निळी फळी. खालचा कोपरा मिठानं खाल्लेला.
सात पुरुष, सगळे डावीकडे बघणारे, कारण डावीकडे दुकान.
पहिल्याचा भांग बोटाएवढा रुंद,
चौथा टकला, तरी खूश...
सेलोमनं दुसऱ्या दिवशी निम्मं कापलं.
म्हणाली, यंत्र दमत नाही, ऐकणारा दमतो.

पण आईला मी न कापलेलं ऐकवलं.
यंत्राला आमची फान्टी नीट येत नाही, म्हणून मीच वाचलं.
ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मध्येच हात थांबला.
सातवा कोण?
अराबाचा भाऊ.
कान मोठे काढलेस का?
काढले.
मग जमलंय, म्हणाली, आणि पुढची शेंग फोडली.

सोमवारी अक्राच्या एका कंपनीची चाचणी. चाळीस मिनिटं.
अर्जात एक रकाना आहे: अनुभव, वर्षांत.
मी शून्य टाकलं.
मग ती कळ दाबली.
वीस टाकावं तर खोटं, शून्य टाकावं तर तेही.
खाली टायरवाला शटर ओढतोय,
बॅटरी नऊ टक्के,
आणि रकान्यात ती बारीक उभी रेघ,
लागते, विझते, लागते.