पानं गळायच्या आत

योझेफीनबाईंच्या दारापर्यंतची वाट काळी आहे.
डांबराची नव्हे, जस्ताच्या भट्टीतल्या राखेची.
त्यांच्या बापानं ती हातगाडीतून आणली,
दर शनिवारी पगाराच्या पाकिटासोबत एक खेप.
कारखाना म्हणायचा, न्या, हवी तेवढी न्या.
फुकट ते पौष्टिक.

पन्नास वर्षं या वाटेवर चिखल झाला नाही,
बाई अजून कौतुकानं सांगतात.
बेल्जियमच्या या रेताड कोपऱ्यात
पाणी कुठं मुरतंय, ते कुणी विचारलं नाही.

मी यंत्र टेकवतो जमिनीला.
तीस सेकंद थांबावं लागतं.
तीस सेकंद आम्ही दोघंही गप्प.
आकडे हलतात, मग बसतात:
जस्त. शिसं. कॅडमियम.
"खूप आहे का?"
मी लीकच्या वाफ्याकडे बघतो.
तजेलदार. एका पानाला डाग नाही.
"माझ्या भाजीला कधी कीड लागली नाही,"
बाई म्हणतात,
आणि वाक्य संपता संपता
त्यांचा आवाज खाली येतो.

उद्या खोदयंत्र येईल, चाळीस सेंटिमीटर जाईल खाली.
वाट, वाफा, ट्यूलिपचे कंद,
पेरूच्या झाडाएवढं वाढलेलं गुलाबाचं झुडूप,
ओटो नावाच्या कुत्र्याची हाडं,
सगळं ताडपत्रीखाली.
मग नवी माती. दुसऱ्या कुणाच्या शेतातली, पावतीसकट.

गावामागच्या माळाला मात्र
एवढे ट्रक कुठून आणायचे?
तिथं आम्ही वाळुंज लावलाय.
तो घोटघोट पितो, पानात साठवतो.
पानं गळायच्या आत कापायचा, हे महत्त्वाचं;
नाहीतर एका वाऱ्यात सगळं पुन्हा मातीत.
हिशेब केला: कॅडमियम निम्मं व्हायला साठ वर्षं.
माझा मुलगा तेव्हा म्हातारा असेल.
जस्ताचा हिशेब मी अर्ध्यात सोडला.

माझे आजोबाही त्याच भट्टीवर होते.
आमच्या घराचीही वाट काळी आहे.
यंत्र रोज रात्री गाडीतच राहतं.

सप्टेंबरात कापणी.
योझेफीनबाई न बोलावता आल्या,
बापाचीच हातगाडी घेऊन. चाक तेवढं नवं.
दिवसभर वाकून पानं वेचली,
संध्याकाळी बुटाच्या तळाला चिकटलेलं एक
नखानं सोडवलं,
तळहातावर घेऊन विचारलं,
"हे पण मोजणार?"

गोणीचं तोंड मी बांधत आणलं होतं.
पुन्हा सोडलं.