वरचा आवाज

शनिवारपासून हेल्दूर तोच एक प्रसंग लावतोय:
माणूस घरी येतो, बूट काढतो, दार बंद होतं.

आधी दोन स्पीकर. दार टीव्हीतच बंद झालं.
मग पाच आणि एक. तो 'एक' म्हणजे सोफ्याशेजारचं काळं खोकं,
ज्याच्यावर मी लोकरीची टोपली ठेवायची नाही.
दार आता माझ्या मानेमागे, पण नेमकं कुठे, कळेना.
मग सात. "डावीकडे, कपाटापाशी," मी म्हणाले.
त्यानं वहीत साडेसात गुण लिहिले.
माणसं पुटपुटतात, त्याचे मात्र कापले नाहीत.

बाहेर तार्तूत उणे एकोणीस.
नदी गोठलेली, तिला कुठलाच चॅनल नाही.

आज छताचे चार जोडले.
शिडीवर चढून भोकं त्यानंच पाडली,
भुवयांत सिमेंट अजून तसंच.
दार बंद झालं. आणि मग, वर,
कुणीतरी चाललं.
खिडकीपासून चुलीपर्यंत. थांबलं. परत.

सुया हातातच राहिल्या.
वर लेइदा राहायची. एकोणतीस वर्षं
तिच्या लाकडी तळव्याच्या सपातांवर मी कुरकुरले,
दोनदा झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं,
एकदा तर ती नुसती पाणी प्यायला उठली होती.
ऑक्टोबरपासून वर कुणी नाही.

"किती देऊ?" कानामागची पेन्सिल काढत हेल्दूर.
म्हटलं, जरा मोठा आहे आवाज.
तो रिमोट शोधायला लागला.
म्हटलं, राहू दे. पुन्हा लाव.
दारापासून नको,
वरचं तेवढं.