चोर सापडलाच पाहिजे

तान्ह्या पोळ्यानिमित्त रहस्यकथा लेखन स्पर्धा.
वर्ग तिसरा ते सातवा. दोन पानं, एकाच बाजूनं.
नियम चौथा, मीच घातलेला:
शेवटी चोर सापडलाच पाहिजे.
बक्षीस, तीन सेलची बॅटरी,
सरपंचबाईंच्या दिराच्या दुकानातली.

तेवीस कथा आल्या.
एकोणीस कथांत लाकडी बैल चोरीला गेला,
तिघांत भूत निघालं,
आणि सम्यक ढोकेच्या कथेत गणिताचा पेपर.
सणाशी त्याचा संबंध काय, विचारलं,
तर म्हणे, तोरणाखाली पुरला होता ना, बाई.

परीक्षक दोघं. मी, कारण वाचनालयाची किल्ली माझ्याकडे,
आणि वासेकर मिस्त्री, कारण बोरखेडीतला झाडून सारा बैल
त्यांच्या रंध्याखालून गेलेला.
चष्म्याची काडी तुटलेली त्यांच्या, म्हणून मी वाचायची,
ते डोळे मिटून ऐकायचे,
फळी वाजवून पाहावी तसे,
आणि मध्येच म्हणायचे, "पोकळ हाय."

अल्फिया शेखच्या कथेत बकरीनं चोर हुंगून काढला.
कुणाचा चोर मामा, कुणाचा भंगारवाला,
एकाच्या कथेत तर मीच:
पुस्तक उशिरा आणलं की ओरडणारी बाई,
रात्री पदराआड बैल नेते.
मिस्त्री पोट धरून हसले.
मग गप्प झाले.
"चोर त साऱ्यायले भेटला," म्हणाले,
"पन बैल कुठी गेला, बाई?"

मी पानं उलटली. खरंच.
चोराला उठाबशा, चोराला फौजदार,
चोराच्या डोक्यावर शेणाची पाटी.
बैलाचं पुढे काय झालं
एकानंही लिहिलं नव्हतं.

एकविसावी कथा गुंजन कुमरेची, वर्ग चौथा.
शिसपेन्सिल, खोडून खोडून कागद झिरलेला.
तिच्या बैलाचं एक चाक मोडतं,
आणि सणाच्या आदल्या रात्री ओसरीवरून बैलच गायब.
सकाळी तो शाळेच्या खिचडीघराच्या खिडकीत उभा,
चारी चाकांवर, शिंगांना ताजा बेगड.
मग ती तपास करते.
तीन चाकं सागाची, चौथं बाभळीचं.
चाकाला लावलेलं तेल करडीचं.
खिळा तिरपा गेलेला, डावीकडून.
ठोकणारा डावखुरा.

मिस्त्रींनी चहाची कपबशी
डाव्या हातातून उजव्या हातात घेतली.

मी पुढे वाचलं. शेवटच्या तीन ओळी:
"ज्यानं हे केलं त्याचं नाव मले माईत हाय.
पन थो चोर नाही,
त नाव कायले लिहू?"

बाहेर कुणी तरी पंप बंद केला.
"नियमात बसत नाही," मिस्त्री म्हणाले,
माझ्याकडे न बघता. "चोर कुठी हाय?"
मी म्हटलं, नियम माझाच आहे, खोडता येईल.
"नोको. पोरायनं मेहनत केली."
आणि बशीत उरलेला चहा
बराच वेळ फुंकत राहिले, तो केव्हाच निवला होता.

पहिलं बक्षीस बकरीला गेलं, म्हणजे अल्फियाला.
गुंजनला उत्तेजनार्थ.
उत्तेजनार्थ काही ठेवलंच नव्हतं,
म्हणून मिस्त्रींनी पिशवीतून काढून दिली
त्यांची स्वतःची बॅटरी, काचेला तडा गेलेली.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पोरं
बैल ओढत माझ्या दारात बोजारा मागायला आली.
गुंजन सगळ्यांच्या मागे.
चाक चौथं, जरा वेगळ्या आवाजाचं.
शेजारच्या ओट्यावर मिस्त्री बिडी पेटवत होते.
भर दुपारी चार वाजता,
लख्ख उन्हात, तिनं बॅटरी लावली
आणि उजेड टाकला नेमका
त्यांच्या डाव्या हातावर.

मी पाच रुपये शोधत होते,
पण मला दिसलं.
मिस्त्रींनी हात मागे घेतला नाही.
तिनं बॅटरी विझवली, सेल वाचवायचे म्हणून,
आणि पुढच्या दाराकडे निघाली.